चांदीवर आळ

शिरूर अनंतपाळ
२७ फेब्रुवारी २०२५

मन्मथ आज्जांना,
शरणु शरणार्थी.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून भांडायचं नाहीये, म्हणून लिहितेय. भांडायचंच आहे, पण नीट.

काल महाशिवरात्र. माझ्या घरमालकीण लक्ष्मम्मांनी गल्लीतल्या बायकांना पूजेला बोलावलं होतं. सगळ्या ओळीने इष्टलिंग तळहातावर घेऊन बसल्या. मी गळ्यातला चौका काढला, उघडून लिंग बाहेर घेणार, तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "लोखंडाचा का गं पोरी?"

आज्जा, तो चांदीचा चौका तुम्ही केलाय. मला नोकरी लागली म्हणून दिवाळीत तुमच्या मुदखेडच्या दुकानात बसवून, स्वतःच्या हाताने गळ्यात घातलात. म्हणाला होतात, अस्सल चांदी आहे, तुझ्या नातवंडांच्या गळ्यात जाईल. चार महिने पण झाले नाहीत. संक्रांतीला पिवळट दिसला तेव्हा मी टूथपेस्टने घासला. महिनाभरात परत काळा. साधा काळा नाही, तव्याच्या बुडासारखा.

लक्ष्मम्मांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणी करून दिला. मी म्हटलं, आईच्या काकांचं चांदीचं दुकान आहे, त्यांनी. त्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या. मला त्या गप्प होण्याचा जास्त राग आलाय. घरच्या पोरीला पण भेसळीचा माल देता का? एवढंच सांगा.

बाकी काम एकदम भारी चाललंय. तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर जो काळा चिखल उरतो ना, त्याला प्रेसमड म्हणतात. तो आमच्याकडे दोन मोठ्या घुमटांत सडतो, त्यातून गॅस निघतो, आम्ही तो साफ करून, दाबून भरतो आणि त्यावर गाड्या पळतात. घाणीतून गाडी. माझ्या शिफ्टला अख्खा प्लँट माझ्या हातात असतो. सगळे व्हॉल्व्ह नंबरासकट पाठ आहेत. पहिल्या आठवड्यात सडक्या अंड्यांसारखा वास यायचा, जेवण जायचं नाही. आता अजिबात येत नाही. सगळे म्हणतात, शिवानी आता पक्की ऑपरेटर झाली.

उत्तर लिहा. टाळू नका.

शिवानी


मुदखेड
३ मार्च २०२५

चि. शिवानीस,
शरणार्थ.

तुझं पत्र तुझ्या नीलम्मा आज्जीनं वाचलं, मग मी वाचलं, मग पुन्हा वाचलं. पहिल्या बारीला खरंच वाटंना.

पन्नास साल झाले मी या पेठेत बसून राहिलो. माझ्या आधी माझा बाप बसला. लग्नाचा माल दिला, बारशाचा दिला, मयताच्या गळ्यातला चौका पण माझ्याच हातून गेला. कुणी माझ्या चांदीवर बोट ठेवलं न्हाई. पहिलं बोट ठेवलं ते सिंधुच्या लेकीनं. अन् ते पण कुण्या गल्लीतल्या बाईच्या सांगण्यावरून.

चांदी दोन गोष्टीनं काळी पडती. घामानं, न्हाई तर इमान गेल्यानं. घामाचं मला ठाऊक हाय, इमानाचं तू सांग. रोज पूजा करतीस का? का मोबाइल बघत बघत विभूती लावतीस? धाब्यावर काय खातीस, कुणाच्या ताटात खातीस, मी इचारत न्हाई. लिंग गळ्यात हाय, त्याला दिसतंय.

अन् टूथपेस्ट! चांदी विभूतीनं घासायची असती. यवढी फी भरून इंग्रजी शाळेत घातलं सिंधुनं तुला, तिथं यवढं पण शिकवलं न्हाई.

टाक्या भरायचं काम पोरीच्या जातीनं करावं का, हे मी तुझ्या मायला आधीच बोललो होतो. माझं कोण ऐकतंय.

चौका पाठवून दे. लिंग न्हाई, नुसता चौका. तापवून बघतो, चार माणसांसमोर. खोटा निघाला तर दुकानाला कुलूप लावतो. खरा निघाला तर तू मुदखेडला येऊन, पेठेत उभी राहून, मोठ्यानं सांगायचं. मला ऐकू येईल यवढ्या मोठ्यानं.

मन्मथ


शिरूर अनंतपाळ
७ मार्च २०२५

आज्जा,

चौका रजिस्टरने पाठवतेय. लिंग वस्त्रात बांधून गळ्यातच ठेवलंय, तुमच्या परवानगीशिवाय. धाब्यावर मी शेवभाजी खाल्ली होती. एकटीने. पैसे देऊन. यात इमान कुठे गेलं ते मला कळलं नाही.

आणि मी टाक्या भरत नाही. मी प्लँट चालवते. हा फरक आमच्या मॅनेजरांना, विनोद सरांना पण समजायला दोन महिने लागले, तर तुम्हाला मी माफ करते.

घामाचं म्हणाल तर घाम सगळ्यांनाच येतो. हवा खराब असेल असं पण म्हणू नका. आमच्याकडे विषारी गॅसचं मीटर आहे. दर तासाला मी प्लँटभर फिरते, मीटर बघते आणि वहीत रीडिंग लिहिते. शून्य. चार महिन्यांत एकदाही शून्याच्या वर गेलं नाही. तुमच्या पेठेतल्या गटारीपाशी हेच मीटर धरून बघायला पाहिजे.

आता माझ्याकडे दुसरा पुरावा पण आहे. आमच्याकडे रेवणसिद्ध काका म्हणून आहेत, किल्लारीचे. सांडपाण्याचा जो मोठा जमिनीतला हौद आहे ना, त्यावर काम करतात. माझा काळा चौका बघून त्यांनी हळूच शर्टाच्या आतून स्वतःचा काढला. सेम टु सेम काळा. त्यांनी उदगीरला घेतलाय. म्हणजे तुम्ही सगळे सोनार मिळून हे करून राहिलात.

काकांनी मात्र सोनाराला एक शब्द विचारला नाही. काय म्हणाले माहितीये? दोन वर्षांपूर्वी ते पुण्याला ट्रकवर होते, तिथे सोबतच्यांच्या नादाने एकदा मटण खाल्लं. देव आता दाखवून देतोय. जानेवारीपासून ते दर सोमवारी आणि गुरुवारी पाणीसुद्धा न पिता उपास करतात, आणि वर हौदावर आठ तास काम. मठात जाऊन स्वामींपुढे नाक घासून आले. बायकोला कारण सांगितलं नाही, तिला वाटतं नवऱ्याला काहीतरी आजार लपवायचाय. मला हसू आलं. म्हटलं, काका, मठात नाक घासण्यापेक्षा सोनाराच्या दुकानात जाऊन त्याचं नाक धरा.

तापवा आणि कळवा.

शिवानी


मुदखेड
१३ मार्च २०२५

चि. शिवानी,

चांदी खरी निघाली. समोरच्या भांडेवाल्या श्रीमंतला बोलावून, नीलम्माला बसवून, त्यांच्यासमोर तापवली, घासली, बघितली. तू माफी मागशील तवा माग, मला त्याची घाई न्हाई. दुसरीच घाई हाय. हे पत्र उभ्या उभ्या वाच.

घामाचं काळं मला ठाऊक हाय. ते खाचांत बसतं, अन् अंगाला लागतं त्या बाजूनं आधी धरतं. तुझ्या चौक्याचं काळं उलटं हाय. अंगाकडची बाजू बरी, वाऱ्याकडची बाजू काळी, अन् वरून निळी झाक. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघतोय.

हे काळं मी ल्हानपणी बघितलेलं हाय. किनवटच्या अंगाला उनकेश्वरला गरम पाण्याचे कुंड हायत. खाजखरूज झाली की लोक तिथं आंघोळीला जायचे. परत आल्या की बाया बापाच्या दुकानात पैंजण आणून आपटायच्या, तुमची चांदी खोटी म्हणून. बाप भांडत न्हवता. एकच सवाल करायचा, उनकेश्वरला जाऊन आलीस का? हाव म्हणली की विभूती काढायचा, घासून द्यायचा. म्हणायचा, त्या पाण्याच्या वासात काहीतरी हाय, ते चांदी खातंय. सडक्या अंड्याचा वास.

आता तुझं पहिलं पत्र काढून बघितलं. तू लिवलंस, वास यायचा, आता येत न्हाई. मी सातवी पास माणूस. तू सांग मला. प्लँट तोच, चिखल तोच. मग वास गेला कुठं?

माझ्या चांदीवर आळ घेतलास. पन्नास सालाच्या दुकानावर घेतलास. त्या मीटरवर का न्हाई घेतलास? ते इंग्रजीत शून्य दाखवतंय म्हणून?

पार्सलनं अकरा जोडवी पाठवून राहिलो. घासून लख्ख केलीत. प्लँटात जागोजागी टांग. कुठलं आधी काळं पडतंय ते बघ. सगळी परत पाहिजेत.

अन् त्या रेवणसिद्धला हसू नको.

मन्मथ


शिरूर अनंतपाळ
२१ मार्च २०२५

आज्जा,

माफी. लेखी देतेय, पेठेत येऊन मोठ्याने पण मागेन. आता पुढचं ऐका.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. हायड्रोजन सल्फाइड चांदीला काळं करतो, हा प्रश्न मला दुसऱ्या वर्षाला परीक्षेत आला होता आणि मला पूर्ण मार्क होते. तोच प्रश्न चार महिने माझ्या गळ्यात लोंबत होता, तेव्हा मला तो आठवला नाही. मला तुम्ही आठवलात.

वास कुठे गेला विचारलंत ना? कुठेच गेला नाही. माझं नाक गेलं. हा गॅस थोडा असला तर घाण वास येतो. रोजचा असला, किंवा खूप असला, तर तो आधी नाकच मारून टाकतो. मग माणसाला वाटतं, हवा साफ झाली. आणि खूप असलेल्या जागी माणूस दोन श्वासांत पडतो, ओरडायला पण वेळ मिळत नाही. हे पण पुस्तकात आहे. आणि मी तुम्हाला लिहिलं, पक्की ऑपरेटर झाले म्हणून.

जोडवी सोमवारी मिळाली. सुतळीने अकरा ठिकाणी बांधली. आमचा हेल्पर केरबा विचारत होता, प्लँटचं लग्न कुणाशी ठरवलं मॅडम, नवरदेव तरी दाखवा. हौदाच्या झाकणापाशी बांधलेलं जोडवं मंगळवारी सकाळी काळं होतं. पंपाजवळचं संध्याकाळपर्यंत. आम्ही डबे खातो त्या शेडमधलं बुधवारी. गेटवरचं अजून पांढरं आहे. केरबाचे जोक बुधवारी बंद झाले.

मग मी मीटर घेतलं आणि गॅस साफ होण्याआधीच्या पाइपला सँपलचा छोटा नळ असतो, तो उघडून त्यासमोर धरलं. तिथे गॅस असतोच, तो गॅसचाच पाइप आहे. मीटर म्हणालं, शून्य. ते मेलेलं आहे, आज्जा. कधीचं मेलंय कुणास ठाऊक. हौदाजवळ भिंतीवर दुसरा सेन्सर आहे, भोंगा वाजवून प्लँट बंद करणारा. शिडी लावून वर चढले. त्याला पॉलिथिनची पिशवी घालून वर रबर लावलंय. पिशवीवर धूळ बसलीये, म्हणजे मी यायच्या आधीपासून.

आणि माझी वही. दर तासाला शून्य, चार महिने, माझ्या सुंदर अक्षरात. रेवणसिद्ध काका दिवसभर त्या हौदावर उभे राहायचे आणि मी वहीत त्यांच्यासाठी शून्य लिहायचे. मला कुणी फसवलं म्हणून जेवढा राग आलाय, त्याच्या दुप्पट याचा आलाय.

विनोद सरांकडे गेले. ते म्हणाले, सेन्सर सारखा वाजतो, प्लँट बंद पडतो, म्हणून तात्पुरतं झाकलंय. मीटरचा नवीन पार्ट पुढच्या महिन्यात येणार. जोडवी टेबलावर ठेवली तर हसले. म्हणाले, हेड ऑफिसला काय लिहू, दागिन्यांचा रिपोर्ट आला म्हणून? हेड ऑफिसला मीच ईमेल केला. उत्तर नाही.

आता खरी गोष्ट. गुरुवारी, २७ तारखेला, कंपनीचे मोठे लोक प्लँट बघायला येणार आहेत. हौदात गाळ भरून पाणी वर आलंय, म्हणून बुधवारी सकाळी रेवणसिद्ध काकांना आत उतरवून तो काढायचाय. मागच्या वर्षी दोनदा उतरले, काय झालं, असं सर म्हणतात. उतरण्याआधी परवान्याच्या कागदावर शिफ्ट ऑपरेटरची सही लागते, की आतली हवा तपासली. ती सही माझी आहे. मी केली नाही, करणार नाही. पण सर म्हणाले, तुझ्यावाचून अडत नाही.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, न्हाई म्हणलं तर काम जाईल, आणि देवाच्या मनात असेल तसं होईल. त्यांना अजून वाटतं हा हिशोब त्यांचा आणि देवाचा आहे. भूकंपातून वाचलेला माणूस आहे तो, आज्जा. त्याला गाळात मरू द्यायचं का?

हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत बुधवार आलेला असेल.

शिवानी


मुदखेड
२८ मार्च २०२५

शिवानी,

पत्र बुधवारी सांजच्याला मिळालं. नीलम्मानं तुला सारखा फोन लावला, बंद येतोय. सिंधुला लावला, ती म्हणती पोरगी लातूरला घरी आली, खोलीत बसली, बोलत न्हाई, इचारू नका.

का घरी आलीस? कामाच्या दिवशी का घरी आलीस?

मी रोज पेपर बघून राहिलो. लातूरचं पान, मग सगळी पानं. हौद, गाळ, मजूर असे शब्द धुंडाळतो. दुकान दोन दिवस उघडलं न्हाई. नीलम्मा म्हणती, अकरा जोडवी पाठवण्यापरीस स्वतः जायचं होतं. बरोबर म्हणती.

त्याचं नाव रेवणसिद्ध. यवढंच मला ठाऊक. तो हाय का न्हाई, एका ओळीत लिव.

मन्मथ


लातूर
३ एप्रिल २०२५

आज्जा,

आहे. जिवंत आहे. उशीर झाला, सॉरी. काय झालं ते सगळं लिहिते.

बुधवारी नऊ वाजता कागद आला. माझ्या नावासमोर मी सही केली नाही तर विनोद सरांनी स्वतः केली, माझ्यासमोर, माझ्याच पेनने. काकांनी कमरेला पट्टा बांधला होता, दोर केरबाच्या हातात होता. मी गेटवरचं पांढरं जोडवं काढून आणलं, लांब सुतळीला बांधलं आणि हौदाच्या तोंडातून खाली सोडलं. सर म्हणाले, करू द्या मॅडमला पूजा, तोवर आपण चहा घेऊ. सगळ्यांनी चहा घेतला. एक चहा, एवढाच वेळ.

वर ओढलं तेव्हा ते पांढरं नव्हतं. मध्ये तांबूस झालं होतं आणि कडेने निळंकाळं.

काकांनी ते तळहातावर घेतलं. पूजेला लिंग घेतो ना, तसंच. मग शर्टाचं बटण काढून आपला चौका बाहेर काढला आणि शेजारी धरला. बराच वेळ बघत होते. मग मला विचारलं, "म्हणजे ते मटण न्हवतं?"

मी म्हटलं, नाही काका, हा हौद होता.

सर घड्याळ बघत होते. म्हणाले, ब्लोअर लावलाय, मीटर शून्य दाखवतंय, उतरा लवकर. तेव्हा काकांनी पट्टा सोडला. आज्जा, मी त्या माणसाला कधी वर बघून बोलताना बघितलं नव्हतं. पट्टा दोन्ही हातांत धरून सरांसमोर उभे राहिले. "दोन महिने मी देवाच्या पाया पडून राहिलो," म्हणाले, "पाणी सोडलं. बायकोशी खोटं बोललो. मीटर तुमचं हाय, सर. शून्य तुमचं हाय. तुम्ही उतरा."

सरांनी पट्टा घेतला. खरंच घेतला. हौदाच्या तोंडापर्यंत गेले, खाली बघितलं. मग पट्टा जमिनीवर ठेवला आणि ऑफिसकडे चालायला लागले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला वाटत होतं ते आळशी आहेत, त्यांना विश्वास नाही, त्यांना केमिस्ट्री येत नाही. तसं नव्हतं. स्वतःच्या जिवाची वेळ आली तेव्हा त्यांना सगळी केमिस्ट्री येत होती. माझा राग तिथून सुरू झाला, तो अजून उतरलेला नाही.

मग कुणीच उतरलं नाही. गुरुवारी हौदावर हिरवी जाळी टाकून त्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या आणि मोठे लोक त्या कुंड्यांचं कौतुक करून गेले. मी तेव्हा नव्हते. मला बुधवारी दुपारीच पत्र मिळालं होतं, प्लँटच्या प्रतिबंधित भागात दागिने आणल्याबद्दल निलंबन. हसा. मी पण एकदा हसले, मग भांडं फेकलं. आईने फोन काढून घेतला, मी कुणाला काय बोलेन या भीतीने.

पण निघण्याआधी मी वही घेतली. माझ्या प्रत्येक पानावर, शून्यांच्या खाली, लाल पेनने लिहिलं, मीटर बंद होतं. खाली सही. हात दुखला. पानांचे फोटो, पिशवीचा फोटो आणि जोडव्यांचे फोटो सरकारच्या कारखाना सुरक्षा खात्याच्या ऑफिसात देऊन पोच घेतली. शनिवारी त्यांचा माणूस चालू मीटर घेऊन आला. केरबा सांगत होता, हौदात सोडल्यावर आकडा चढत गेला आणि मग आकडा दाखवायचंच बंद झालं, नुसता भोंगा. हौद आता बंद आहे. भिंतीवरची पिशवी निघाली. विनोद सरांची चौकशी लागलीये. माझं निलंबन मागे घेतलं नाही, पण कमी केलंय.

रेवणसिद्ध काका सोमवारी लातूरला आमच्या घरी आले होते. सोमवार, उपासाचा दिवस. आईने पाणी विचारलं तर म्हणाले, जेवण वाढा. चार भाकरी खाल्ल्या, मान खाली घालून, रागारागाने. जाताना म्हणाले, बायकोला सगळं सांगितलं, मटणाचं पण. मटणासाठी ती वेगळी भांडली.

तुमची दहा जोडवी पाठवतेय, सगळी काळी. अकरावं काकांकडे आहे. मी मागितलं नाही.

आई म्हणते, परत जायचं नाही. मी २१ तारखेला जाणार आहे. घाणीतून गाडी चालते, ही गोष्ट मला अजून तितकीच भारी वाटते. घाण प्लँट नव्हता.

चौका पाठवा. विभूतीने घासून.

तुमची शिवानी


मुदखेड
८ एप्रिल २०२५

चि. शिवानी,
शरणार्थ.

चौका घासला. दोनदा घासला. नीलम्मानं तिसऱ्यांदा घासला. या पत्रासोबत पाठवून राहिलो. वाऱ्याकडची बाजू ध्यानात ठेव, ती शर्टाच्या बाहेर राहू दे.

अकरावं जोडवं त्याच्याकडंच राहू दे. त्याला सांग, काळं पडलेलं घासू नको.

तुझा चौका पुन्हा काळा पडला तर या बारीला माझ्याशी भांडायला बसू नको. सरळ त्यांच्या दारात जा. अन् माझं नाव सांग. म्हणावं, चांदी मुदखेडची हाय, खोटं बोलत न्हाई.

मन्मथ